वेटसूट घेताना आधी कंबर तपासा

मालवणला डाइव्हच्या होडीवर पाहुण्यांना वेटसूट चढवून देणं हे माझं रोजचं काम. स्वतःचा सूट घ्यायचा म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "किती मिलिमीटर जाडीचा घेऊ?" मी सांगते, आधी अंगाला बसतो कसा ते बघूया.

वेटसूटमध्ये पाणी शिरतंच. त्याचा पातळ थर अंगाच्या उबेनं कोमट होतो आणि निओप्रीन या सुटाच्या रबरातले बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. सूट ढगळ असला की पाय मारल्यागणिक कोमट पाणी बाहेर, गार पाणी आत. हे सगळ्यात जास्त होतं पाठीच्या खालच्या खळग्यात. माझा पहिला सूट नेमका तिथेच फुगायचा. चांगला 5 मिमी जाड, तरी डिसेंबरात तिसऱ्या डाइव्हला मी इतकी कुडकुडले की श्वास घ्यायचा रेग्युलेटर दातांत धरवेना.

म्हणून दुकानात चेन पूर्ण लावा, उकिडवे बसा, हात वर करा. मग उभं राहून सोबतच्या माणसाला कंबरेमागे चिमूट घ्यायला सांगा. मूठभर रबर हाताला लागलं तर माप मोठं आहे. काखेत, जांघेत पोकळी नको. गळ्याशी घट्ट हवा, पण गिळताना टोचायला नको आणि छातीभर श्वास घेता आला पाहिजे. कोरड्यात थोडा आवळ वाटला तर वाटू द्या, पाण्यात तो सैलावतो. नुसतं उंची-वजन कळवून मात्र मागवू नका.

आता जाडी. मालवण-अंदमानच्या 26 ते 29 अंशांच्या पाण्यात 3 मिमी बहुतेकांना पुरतो. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे 25 पट वेगानं ओढतं, आणि 10 मीटरवर दाब दुप्पट होऊन बुडबुडे निम्मे होतात. त्यामुळे दिवसाला तीन-चार डाइव्ह करणाऱ्यांनी किंवा लवकर गारठणाऱ्यांनी 5 मिमी घ्यावा. 20 अंशांखाली 7 मिमी आणि डोक्याला हूड, 10 च्या आसपास पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूटच. इथे एकाच छोट्या डाइव्हला लायक्राचा पातळ सूट चालेल, पण पूर्ण बाह्यांचा घ्या. इथल्या खडकांवरची कालवं कातडी सहज कापतात.

जाड सूट जास्त तरंगतो, तेव्हा बुडण्यासाठी कंबरेला बांधायच्या वजनांचा जुन्या सुटाचा हिशेब नव्याला लावू नका. पहिल्या डाइव्हच्या शेवटी टाकीत 50 बार दाबाची हवा उरली असताना 5 मीटरवर तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली हवा सोडा. वर ओढले गेलात तर वजनाच्या पट्ट्यात 1 किलो वाढवा.