होडीतून गरवायला पहिल्यांदा जाताना

नवख्याचं सगळं लक्ष गरी आणि चाऱ्याकडे असतं. तासन्‌तास मासा लागत नाही त्याचं कारण मात्र बहुतेक वेळा वेगळंच निघतं: दोरीला बांधलेलं शिसं तळाला टेकलेलंच नसतं, नाहीतर होडी खडपावरून, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागेवरून, कधीच सरकलेली असते.

निघायची वेळ पाण्यावरून ठरवा. भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. त्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं किंवा उतरतं. तेव्हा ओढ इतकी असते की १०० ग्रॅमचं शिसंही तळाला ठरत नाही. पाणी पूर्ण थांबलं की मासाही सुस्तावतो. म्हणजे कामाचा वेळ पाणी थांबण्याआधीचा आणि पुन्हा सुटल्यानंतरचा तास-दीड तास. उधाणाच्या दिवसांत तोही आखडतो. शिकायला अष्टमीनंतरचा भांग, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे दिवस, बरा.

इंधनाचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक हात न लावण्यासाठी. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी उघडा. तो बंद राहिला तरी इंजिन सुरू होतं, थोडा वेळ चालतंही आणि मग धापा टाकत बंद पडतं, कारण हवा आत न आल्याने पेट्रोल ओढलं जात नाही. लोक मात्र प्लग काढून पुसत बसतात. इंजिन सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार पडते का पाहा. ती नसेल तर थंडावा देणारं पाणी फिरत नाहीये. लगेच बंद करून पाणी ओढणाऱ्या तोंडाशी पिशवी किंवा शेवाळ अडकलंय का ते बघा.

आता नांगर. दोर खोलीच्या पाच ते सात पट लागतो, म्हणजे १० मीटर पाण्यात ५० ते ७० मीटर, आणि नांगराला लागून दोन-तीन मीटर साखळी. दोर आखूड पडला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर रुतण्याऐवजी उपसतो. दोर नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच, बांधायचा. मागे बांधलात तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेल्या बाजूवर लाट चढते आणि होडी भरते. खडपावर नांगर अडकणारच, म्हणून साखळी नांगराच्या बुडाशी शॅकलने (पिनेच्या लोखंडी कडीने) जोडा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीने बांधा. अडकल्यावर जोर लावला की सुतळी तुटते, ओढ बुडाकडून बसते आणि नांगर उलटा निघतो. सुतळी जाड असेल तर तुटत नाही, फार बारीक असेल तर लाटेच्या हिसक्यानेच तुटते आणि होडी वाहू लागते. ते लवकर कळावं म्हणून किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा धरून ठेवा. त्या एकमेकींपासून सुटल्या की होडी हललीच.

तंगुसाच्या (नायलॉनच्या गरवायच्या दोरीच्या) टोकाला शिसं, त्याच्या वर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर दोन गऱ्या, प्रत्येकीची आडवी दोरी वीतभर. ती लांब ठेवलीत तर मूळ दोरीला गुंडाळते. चाऱ्याची बोटभर लांब पट्टी कापून गरी तिच्या निमुळत्या टोकातून एकदाच घाला. मधोमध टोचलेली पट्टी पाण्यात फिरते आणि तंगुसाला पीळ बसतो. शिसं टेकल्याचा ठोका हाताला कळला की दोरी जेमतेम ताणलेली ठेवा. हाताभोवती मात्र ती कधीच गुंडाळू नका. मोठा मासा लागला तर बोट कापलं जातं.

गाठी आणि चारा आदल्या रात्रीच तयार ठेवा. हलत्या होडीत खाली मान घालून बसलात की मळमळ आलीच. आली तर क्षितिजाकडे बघत बसा.

शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, त्याला चिमट्यानेच सोडवा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवा, आणि मग डॉक्टरकडे जा. बांगडा, कुपा लागताक्षणी बर्फात गेले पाहिजेत, आणि नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि समुद्राच्या पाण्याच्या काल्यात ते लवकर गार होतात. उन्हात पडून राहिल्यास त्यांच्यात हिस्टामिन, म्हणजे खाणाऱ्याला बाधणारं द्रव्य, तयार होतं. वासावरून ते ओळखता येतंच असं नाही, आणि शिजवूनही जात नाही.