कार्ड देखणं, पण गेट उघडेना

आयकार्ड छापणाऱ्या दुकानात लागलो तेव्हा वाटायचं, फोटो स्वच्छ आला की कार्ड झालं. मग एका क्लबची 400 सभासद-कार्डं आली, मागे मॅग्नेटिक पट्टीवाली. छपाई एकदम झकास. दुसऱ्या दिवशी फोन: "अहो, गेटवर तुमचं एकही कार्ड चालत नाहीये!"

सभासद क्रमांक 004517 असे होते. एक्सेलनं पुढची दोन शून्यं गिळली आणि पट्टीवर गेलं नुसतं 4517. छापील नंबर वेगळ्या कॉलममधला, म्हणून कार्ड कितीही न्याहाळलं तरी काही कळेना. तेव्हा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, डेटा नंतर चिकटवा. 16 आकडी नंबर असेल तर जास्तच जपा, कारण एक्सेल 15 आकडेच धरतं. सोळाव्याचं शून्य होतं.

पट्टीवर तीन ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या ओळी, असतात. पहिल्यावर इंग्रजी अक्षरं नि आकडे, 79 पर्यंत. दुसऱ्यावर फक्त आकडे, 40 पर्यंत. तिसरा मला आजवर कुणी मागितला नाही. दुसऱ्यावर नाव लिहायला गेलात तर ते जमणारच नाही. फार्गो कंपनीच्या कार्ड-प्रिंटरला टेक्स्ट बॉक्समध्ये ~2;004517? असं द्यायचं: ~2 म्हणजे दुसरा ट्रॅक, ; ही सुरुवात, ? हा शेवट. झेब्राची पद्धत वेगळी, मॅन्युअल उघडा.

हायको-लोको, म्हणजे पुसायला जास्त किंवा कमी चुंबकीय जोर लागणाऱ्या पट्ट्या, यांत नवखे हमखास फसतात. हायको पट्टी बहुधा काळी, 2750 ओर्स्टेडची (ओर्स्टेड हे त्या जोराचं माप). लोको तपकिरी, 300 ची, पर्सच्या चुंबकानंही पुसली जाते. हायको कार्ड घालून प्रिंटरच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये लोको ठेवलंत, तर डेटा कच्चा बसतो. कार्ड कधी चालतं, कधी नाही, आणि गिऱ्हाईक रीडरला शिव्या घालतं. पट्टीवर डेटा लिहिणाऱ्या एन्कोडरच्या हेडवर धूळ साचली तरी हेच रडगाणं, म्हणून क्लीनिंग कार्ड फिरवायचा कंटाळा करू नका.

तपासायला यूएसबी स्वाइप रीडर घ्या. बहुतेक रीडर कीबोर्डासारखेच चालतात. नोटपॅड उघडून कार्ड ओढलं की ;004517? उमटतं. मी आता पहिलं कार्ड निघालं की प्रिंटर थांबवतो, ओढून बघतो, मगच पुढची गड्डी हॉपरमध्ये.

त्या 400 कार्डांचं काय? छपाई बंद ठेवून नुसतं एन्कोडिंग पुन्हा केलं. रिबन वाचली, रविवार गेला.