आखातात कामाला निघण्यापूर्वी करायची तयारी

नोकरीचा शब्द मिळाला की घरात पहिली चौकशी पगाराची होते आणि दुसरी विमानाच्या तारखेची. या दोन्हींच्या आधी पासपोर्ट उघडून पाहावा. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआरचा, म्हणजे ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ असा, उल्लेख असतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन यांच्यासह 18 देशांत कामासाठी जाताना 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी उत्प्रवासी संरक्षक हे केंद्र सरकारचे अधिकारी देतात आणि त्यांचे कार्यालय मुंबईतही आहे. ज्यांच्या पासपोर्टवर हा उल्लेख नाही त्यांना परवानगीची सक्ती नसली, तरी त्यांनीही ईमायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर स्वतःहून नोंद करावी असे मी आग्रहाने सांगेन. दोन सरकारांमध्ये कामगारांविषयी जे करारमदार झालेले असतात त्यांचा आधार नोंद असलेल्या माणसालाच सहज मिळतो. नोंदच नसेल तर संकटाच्या वेळी तो तिथे कोणाकडे आणि कोणत्या अटींवर गेला होता, येथपासून दूतावासाला शोध घ्यावा लागतो.

त्यानंतर एजंटाची खातरजमा करावी. परवाना क्रमांक मागून घ्यावा आणि परवाना आज चालू आहे, निलंबित आहे की मुदत संपलेला आहे, हे ईमायग्रेटवर स्वतः पाहावे. गावात येऊन माणसे गोळा करणारा मध्यस्थ कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या हाती पैसे देऊ नयेत, कारण आपला कायदा उपएजंट मानतच नाही आणि उद्या वाद झाला तर त्या पैशाचा पुरावा उरत नाही. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. ते बँकेतून द्यावे व पावती जपावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तत्त्व याहून पुढचे आहे: भरतीचा कोणताही खर्च कामगारावर पडू नये. अमिरातीचा 2021 चा कामगार कायदाही मालकाला हा खर्च कामगाराकडून वसूल करू देत नाही. तिकडे मनाई आणि इकडे मर्यादित मुभा, ही विसंगती आपल्या सरकारने दूर करायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे कोणी सांगितले तर तयारी तिथेच थांबवावी. ‘आझाद व्हिसा’ म्हणून जे विकले जाते त्यालाही हेच लागू आहे. कागदावर मालक एक आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडे, अशी स्थिती झाली की काम करणेच बेकायदा ठरते, आणि मजुरी बुडाली तर फिर्याद करायला जाणारा स्वतःच दंडाच्या आणि हद्दपारीच्या भीतीने मागे फिरतो.

सर्वांत अधिक वेळ करारपत्राला द्यावा. त्यात मालकाचे पूर्ण नाव, कामाचे स्वरूप, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, राहण्याची आणि जेवणाची सोय, कराराची मुदत व परतीचे तिकीट कोण देणार हे सगळे लिहिलेले असावे. पगाराचा आकडा वाचताना मात्र तो फोडून वाचावा, कारण मूळ पगार आणि भत्ते यांची विभागणी पुढची अनेक वर्षे परिणाम करते. समजा अमिरातीत एकूण 1,500 दिरहॅम ठरले आणि त्यांत मूळ पगार 800 व उरलेले 700 भत्ते म्हणून दाखवले. तिथल्या कायद्याप्रमाणे पहिली पाच वर्षे दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना द्यायची रक्कम, म्हणून मिळतो. म्हणजे दोन वर्षांनी 1,120 दिरहॅम हाती येतील. सगळे 1,500 मूळ पगारात असते तर तीच रक्कम 2,100 झाली असती. जादा कामाचा दरही मूळ पगारावरच काढतात. एजंट ‘एकूण तेवढेच तर आहेत’ असे म्हणतो ते महिन्यापुरते खरे असते.

दुसरी बाब करार बदलण्याची. इथे एका कागदावर सही घ्यायची आणि तिथे पोहोचल्यावर कमी पगाराचा दुसरा कागद पुढे करायचा, ही फसवणूक जुनी आहे. ती रोखण्यासाठी अमिरातीने नोकरीचा देकार तिथल्या कामगार मंत्रालयाच्या प्रणालीतूनच, अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला कळणाऱ्या भाषेत देण्याचा नियम केला. त्या भाषांत हिंदी आणि उर्दू आहेत, मराठी नाही. तेव्हा हिंदी प्रत हट्टाने मागावी, ओळ न्‌ ओळ वाचून मगच सही करावी आणि ईमायग्रेटवर चढवलेला करार तोच आहे ना, हे ताडून पाहावे.

येथे एक गोष्ट समजून घेणे उपयोगाचे आहे. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा 1990 चा करार भारताने स्वीकारलेला नाही आणि आखाती देशांनीही नाही. त्यामुळे तुमचे संरक्षण मुख्यतः त्या देशाच्या कामगार कायद्यावर आणि दोन देशांतील समझोत्यांवर उभे आहे. एकट्या देशाने फार काही साधत नाही: भारताने किमान वेतनाचा आग्रह धरला की मालक नेपाळ किंवा बांगलादेशातून माणसे घेतो. 2020 च्या सप्टेंबरात भारतानेच आखातासाठीचे किमान संदर्भ वेतन (ज्याहून कमी पगारावर कामगार पाठवू नये असा ठरवलेला आकडा) खाली आणले होते आणि टीका झाल्यावर पुढच्या वर्षी ते पूर्ववत केले. म्हणूनच 2003 मध्ये सुरू झालेली कोलंबो प्रक्रिया महत्त्वाची आहे. कामगार पाठवणारे आशियाई देश तिच्यात एकत्र बसतात, आणि 2024 मध्ये तिचे अध्यक्षपद प्रथमच भारताकडे आले. 2008 पासूनच्या अबुधाबी संवादात कामगार घेणारे देशही समोर असतात. वेतनाची समान पातळी अशाच ठिकाणी ठरू शकते.

ईसीआर पासपोर्टधारकांना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा बंधनकारक आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 आणि तीन वर्षांचा 375 रुपये, अधिक कर; अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये मिळतात. वारसाचे नाव अचूक लिहावे आणि त्या वारसाला पॉलिसीची प्रत द्यावी. प्रस्थानपूर्व प्रशिक्षण एका दिवसाचे असते, ते चुकवू नये.

वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी आणि ‘फिट’ असा निकाल हाती येण्यापूर्वी नोकरीचा राजीनामा देऊ नये किंवा कर्ज काढू नये. नेहमीची औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी व त्या देशात त्यांना परवानगी आहे का ते तपासावे. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांमुळे तुरुंगवासाची वेळ येऊ शकते. बॅगेत घरचे अनारसे भरण्याआधी थांबावे, कारण अमिराती आणि सौदीत खसखस प्रतिबंधित आहे.

घरकामासाठी जाणाऱ्या बहिणींनी अधिक सावध राहावे. ईसीआर पासपोर्टवर 30 वर्षांखालील स्त्रीला या कामासाठी परवानगी मिळत नाही, म्हणून वय वाढवून दाखवणारे किंवा तिसऱ्या देशामार्गे नेणारे भेटतात. अशा वाटेने गेल्यास 2014 चा भारत–सौदी घरकामगार समझोता हाती असूनही कामी येत नाही. घरकामगारांचे नियम अनेक आखाती देशांत मुख्य कामगार कायद्याबाहेर, वेगळे आहेत. ते आधीच समजून घ्यावेत.

घरी ठेवायच्या फाइलीत पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा, एजंटाच्या पावत्या आणि मालकाचा पत्ता यांच्या प्रती असाव्यात. बँकेतील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे.

पोहोचल्यावर पासपोर्ट स्वतःजवळ राहील असे पाहावे. तो भारत सरकारची मालमत्ता आहे आणि मालकाने तो अडकवून ठेवण्यास अमिराती, सौदी व कतारच्या कायद्यांत मनाई आहे. पगार बँकेतून येतो की नाही हे पहिल्याच महिन्यात पाहावे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम बंद असते. राहण्याच्या इमारतीतून बाहेर पडण्याची दुसरी वाट पहिल्याच रात्री शोधून ठेवावी. 12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत किमान 45 भारतीय गेले.

तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर किंवा दूतावासात करता येते, आणि अडकलेल्या माणसाच्या परतीसाठी भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत होते. थकलेल्या मजुरीचा दावा मात्र वेळेत करावा लागतो. सौदी आणि कतारमध्ये मुदत एका वर्षाची आहे. 2020 मध्ये महामारीच्या घाईत असंख्य लोक पगार सोडून परतले आणि मागाहून दावा करणे त्यांना फार अवघड गेले. परत यावेच लागले तर ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा कागदावर सही करू नये, तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि निघण्यापूर्वी तिथल्या विश्वासू व्यक्तीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे.