डापी स्टेनिंग: या चुका टाळा

निळं चमकलं की डीएनए दिसला, एवढ्यावर समाधान मानणारी मुलं दर बॅचला भेटतात. डापी हा डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग आहे, पण तो सगळ्या डीएनएला सारखा चिकटत नाही. दुहेरी पिळाच्या अरुंद खाचेत, तेही जिथे ए-टी जोड्या सलग आहेत तिथे, तो घट्ट बसतो आणि बसल्यावर साधारण 20 पट जास्त चमकतो. गुणसूत्रावर काही भाग उजळ, काही फिकट दिसतात ते यामुळेच.

हे न समजल्याचा फटका मुंबईतल्या एका लॅबमध्ये पाहिला. एमएस्सीच्या मुलीला उंदराच्या पेशींच्या केंद्रकात ठळक निळे ठिपके दिसले. "सर, मायकोप्लाझ्मा झालाय," म्हणजे पेशींना जिवाणूंचा संसर्ग झालाय, असं म्हणेपर्यंत तिनं सगळे फ्लास्क ब्लीचमध्ये ओतलेही होते. पेशी धडधाकट होत्या! उंदराच्या सेंट्रोमियरजवळचा (गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात तिथला) सॅटेलाइट डीएनए, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा क्रम, ए-टीनं भरलेला असतो. वेगवेगळ्या गुणसूत्रांचे हे भाग केंद्रकात एकत्र येतात आणि असे चमकतात. मायकोप्लाझ्माचे कण बारीक असतात, केंद्रकाबाहेर, सायटोप्लाझ्मात आणि पेशीच्या कडेनं. मी आधी फोकस वरखाली करून ठिपके केंद्रकाच्या आत आहेत की बाहेर ते पाहतो. तरी शंका उरली तर पीसीआर, म्हणजे मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणारी चाचणी. तोवर ब्लीचच्या बाटलीला हात लावू देत नाही.

दुसरी चूक पावसाळ्यातली. जुलैत खिडकी उघडी ठेवून मेटाफेज (विभाजनाच्या टप्प्यातल्या, गुणसूत्रं वेगळी दिसणाऱ्या पेशी) स्लाइडवर टाकल्या की दमट हवेत फिक्सेटिव्ह (पेशी जशाच्या तशा टिकवणारं द्रावण) हळूहळू वाळतो, गुणसूत्रं लांब पांगतात आणि माणसाची 46 मोजताना शेजारच्या पेशीतलीही गोळा होतात. एसीच्या थेट झोतात उलटं होतं: पटकन वाळतं आणि गुणसूत्रं गठ्ठ्यातच राहतात. आधी एकच स्लाइड टाका, फेज कॉन्ट्रास्टखाली (न रंगवता पेशी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघा, मग बाकीच्या. एवढाही धीर नसेल तर त्या दिवशी स्लाइड टाकूच नका. फिक्सेटिव्ह, म्हणजे मिथेनॉल-अॅसेटिक अॅसिड 3:1, रोज ताजं करा, कालचं वापरू नका.

डापीचा स्टॉक पाण्यात करा, पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणात) तो नीट विरघळत नाही. उजळ दिसावं म्हणून दुप्पट डाय ओतला की पार्श्वभूमीच निळी होते, पट्टे बुडतात. प्रोपिडियम आयोडाइड हा लाल रंग वापरताना आरएनेझ (आरएनए तोडणारं विकर) विसरलात तर आरएनएही लाल दिसेल. आणि आवडलेल्या पेशीवर शटर उघडं ठेवून मित्राला बोलवायला जाऊ नका; तो येईपर्यंत ती प्रकाशानं फिकी पडलेली असते.