वस्तू धोकादायक निघाली तर: ग्राहकानं, कंपनीनं आणि सरकारनं काय करायचं

चार्जर वितळतो, इस्त्रीच्या वायरीतून शॉक बसतो, खेळण्याचं चाक निखळून मुलाच्या तोंडात जातं. अशा वेळी बहुतेक जण वस्तू फेकून देतात, नाहीतर दुकानदाराशी भांडून बदलून आणतात. तुमच्यापुरता प्रश्न मिटतो, पण त्याच बॅचच्या बाकीच्या वस्तू लोकांच्या घरात तशाच चालू राहतात. कंपनीला आणि सरकारला त्या शोधायच्या तर हातात धागा लागतो बॅच नंबरचा, आणि तो असतो तुमच्याकडच्या वस्तूवर.

आधी जीव सांभाळा

वस्तू तापली असेल किंवा ओली असेल, तर प्लगला हात लावू नका, मेन स्विच बंद करा. लिथियम बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा, ती दाबू नका, टोचू नका. पेट घेईल असं काही जवळपास नसलेल्या जागी, फरशीवर ठेवा.

मुलानं बटण सेल (बटणासारखा चपटा, गोल सेल) गिळला असेल तर एक मिनिटही घालवू नका. सुमारे 20 मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. सेल फुटावा लागत नाही: ओल्या ऊतीतून वीज वाहते आणि तिथं तयार होणारं अल्कलीसारखं रसायन ऊती जाळतं. उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. सेलचं पाकीट हाताशी असेल तर सोबत न्या, त्यावरच्या नंबरावरून डॉक्टरांना सेलचा प्रकार आणि आकार कळतो.

मग पुरावा

वस्तू उघडू नका, पुसू नका, दुरुस्तीला देऊ नका. जळाल्याची खूण नेमकी कुठं आहे यावरून दोष वायरीचा की जोडणीचा, याचा अंदाज बांधता येतो. कारागिराचा हात फिरला की तो माग पुसला जातो. फोटो सगळ्या बाजूंनी काढा आणि नामपट्टीचा वेगळा, जवळून काढा: मॉडेल, बॅच किंवा अनुक्रमांक, निर्मितीचा महिना, व्होल्ट आणि वॅट. खोका आणि पावती जपून ठेवा. कंपनीनं वस्तू तपासणीसाठी मागितली तर लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नका.

तक्रारीत काय लिहायचं

‘एकदम भिकार क्वालिटी’ असं लिहिलं की तक्रार पैसे परत देणाऱ्या खात्याकडे जाते आणि तिथंच निकालात निघते. पहिल्याच ओळीत आग, शॉक, इजा, गुदमरणं यांपैकी जे घडलं तो शब्द हवा. पुढं वस्तू किती वेळ चालू होती, कशाला जोडली होती, कुणाला काय झालं आणि आता ती कुठं ठेवली आहे, हे लिहा. चूक तुमची असेल तर तीही लिहा. दहा जण तीच चूक करत असतील, तर दोष रचनेत असू शकतो. पत्र कंपनीला आणि सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, दोघांनाही पाठवा.

कंपनीचं काम

क्रम ठरलेला आहे: धोका रचनेतूनच काढा, नाही जमलं तर आड झाकण किंवा कुलूप घाला, आणि उरलेल्यासाठी इशारा छापा. इशारा हा शेवटचा उपाय असतो, पण स्वस्त असल्यामुळं पुष्कळदा तोच पहिला वापरला जातो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणी नळीत पूर्ण मावला, तर ते खेळणं नापास होतं. ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ एवढं छापून ते पास होत नाही.

दोष कळला की विक्री थांबवायची, कोणत्या बॅच कुठं गेल्या हे काढायचं आणि यंत्रणेला कळवायचं. अमेरिकेत धोक्याची वाजवी माहिती मिळाल्यापासून 24 तासांत कळवावं लागतं. घाईत मूळ कारण मात्र सोडू नये. 2016 मध्ये सॅमसंगनं गॅलक्सी नोट 7 परत मागवून बदली फोन दिले, तेही पेटले, आणि अखेर ते मॉडेलच बंद करावं लागलं. दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष होते, हे कंपनीनं 2017 च्या जानेवारीत सांगितलं.

वस्तू परत मागवण्याची सूचना साध्या शब्दांत हवी. युरोपीय संघात 13 डिसेंबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिच्यात ‘ऐच्छिक’, ‘खबरदारीचा उपाय’ असे धोका सौम्य भासवणारे शब्द चालत नाहीत. ते वाचून माणूस वस्तू वापरतच राहतो.

सरकारचं काम

एकेका ग्राहकाला आपली घटना अपघात वाटते, पण दहा गावांतल्या तक्रारी एकत्र ठेवल्या की एकच बॅच नजरेत येते. म्हणून तक्रारींची नोंद मॉडेल आणि बॅचनुसार शोधता यायला हवी. बाजारातून नमुने उचलताना ऑनलाइन विक्रेत्यांचा मालही घ्यावा. कंपनी टाळाटाळ करत असेल तर सक्तीनं माल परत मागवायचा अधिकार हवा, आणि किती वस्तू खरोखर परत आल्या याचा हिशोब मागायलाच हवा, कारण नुसत्या जाहिरातीनं घरातली वस्तू हलत नाही.

पुन्हा ग्राहकाकडे

नवी वस्तू आणली की त्याच दिवशी कंपनीकडे नोंदवा, नाहीतर सूचना तुमच्यापर्यंत पोचायची कशी? जुनी घेताना किंवा देताना मॉडेल नंबर परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत तपासा. यादीत सापडली तर ती कुणाला फुकटही देऊ नका. आधी कंपनीला विचारा, कारण भरपाईसाठी काही वेळा वस्तू किंवा तिचा ठरावीक भाग मागतात. टाकून द्यायला सांगितलं तर आधी प्लग काढा आणि मगच वायर मुळाशी कापा, म्हणजे भंगारातून उचलून ती कुणी पुन्हा लावणार नाही.