सोनेरी मोझेक भिंतीवर बसवताना

मोझेक म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेलं चित्र. त्यातला बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) पद्धतीचा सोनेरी तुकडा म्हणजे दोन काचांमध्ये बंद केलेला सोन्याचा वर्ख. पातळ काचेची बाजू बाहेर ठेवा, नाहीतर चमक गेलीच.

शेवटच्या गिलाव्याला मुरलेला चुना 1 भाग, बारीक वाळू आणि संगमरवराची पूड मिळून 2 भाग; जाडी सेंटिमीटरभर. एका बैठकीत जमेल तेवढाच भाग लिंपा आणि ओल्यावरच रंगाने चित्र काढून घ्या. चुना आवळला की तुकडे पकड घेत नाहीत, पुढे गळतात.

तुकडे सपाट बसवू नका! प्रत्येकाचा कोन किंचित बदला, उंचावरचे खालच्या नजरेकडे झुकवा. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधली (इ.स. 547) झळाळी बरीचशी या तिरकेपणाची आहे. चेहऱ्याला मात्र लहान तुकडे लागतात. फटी वरून भरू नका, सोनं मळकट दिसतं.