पर्जन्य जलवाहिनी खात्यात रुजू होताना

मुंबई महापालिकेच्या या खात्यात, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांच्या खात्यात, आलेला नवा कनिष्ठ अभियंता बहुधा पाणी तुंबणाऱ्या जागेपासून सुरुवात करतो. दादरच्या हिंदमाताला पाणी साचलं की हिंदमाताच पाहायला जातो. त्याऐवजी पाणी शेवटी जिथे खाडीत किंवा समुद्रात पडतं, त्या पातमुखापासून उलटं चालत या. शहरातल्या 186 पातमुखांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. मोठ्या भरतीच्या वर राहणारी तर मोजकीच. भरती चढली की झडपा लावाव्या लागतात आणि पडलेला पाऊस आतच अडकतो. हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला, ब्रिटानिया इथली उदंचन केंद्रं (पाणी पंपाने उपसणारी) उभारली ती यासाठीच.

पातळी मोजताना आधी विचारा, शून्य कुठलं धरलंय? या शून्य पातळीला डेटम म्हणतात. भरतीच्या तक्त्यातले आकडे चार्ट डेटमवरून (साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून) असतात, महापालिकेच्या जुन्या नकाशांवर टाउन हॉल डेटम असतो आणि सर्वेक्षणवाला समुद्रसपाटीपासूनची उंची देतो. मुंबईत सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या सुमारे 2.5 मीटर वर आहे. त्यामुळे 4.5 मीटरची भरती म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण 2 मीटर. हे रूपांतर न करता 3 मीटर पातळीचं पातमुख भरतीत बुडतं असा शेरा मारणारे नवशिके दरवर्षी भेटतात. एका प्रकल्पात एकच डेटम ठेवा आणि तो प्रत्येक नकाशावर लिहा.

गणित मात्र अवघड नाही. प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) = अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) × पावसाची तीव्रता (मिमी प्रतितास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ 360. जुन्या वाहिन्या तासाला 25 मिमी पाऊस धरून बांधलेल्या होत्या. मुंबईतल्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 50 मिमी सुचवला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला. तसल्या पावसासाठी कुणी पाइप टाकत नाही, तिथे इशारा आणि लोकांना हलवणं एवढंच हाती असतं.

दाट वस्तीचे 5 हेक्टर घ्या. गुणांक 0.8, तीव्रता 50, तर प्रवाह साधारण 0.56 घनमीटर प्रतिसेकंद. 1:500 उताराचा 900 मिमी व्यासाचा काँक्रीट पाइप (मॅनिंगचा गुणांक, म्हणजे आतल्या खडबडीतपणाचं माप, 0.013) भरून वाहताना 0.81 घनमीटर नेतो. कागदावर भरपूर वाव दिसतो. आता तळाशी 300 मिमी गाळ बसला असं समजा. वाहतं क्षेत्र सुमारे 30 टक्क्यांनी घटतं, पण घर्षणही वाढत असल्यामुळे क्षमता 60 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे 0.49. पाणी रस्त्यावर! नालेसफाईचं मोजमाप नुसत्या गाड्यांच्या खेपांवर करू नका ते यासाठी. काठी टाकून आधीची आणि नंतरची खोली, तीसुद्धा दर 30 मीटरवर, तुमच्यासमोर मोजली जाऊ द्या. ओला गाळ काठावरच टाकून ठेवला तर पहिल्याच सरीत परत आत जातो.

पाइप धडधाकट असूनही पाणी तुंबतं तेव्हा रस्त्याच्या कडेची जाळी बघा. डांबराचा नवा थर चढला की जाळी खड्ड्यात जाते किंवा थराखाली गाडली जाते. पाणी तिच्या दिशेने यायचं तर कॅम्बर, म्हणजे रस्त्याचा आडवा उतार, उलटलेला असतो. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे वाहिनीतून आडवी काढलेली केबल किंवा पाण्याची लाइन. तिला प्लास्टिक अडकतं, मागे कचरा दाटतो आणि दोन मॅनहोलमध्ये पाण्याची पातळी एकदम वेगळी दिसते. हा फरक पाऊस चालू असतानाच सापडतो. म्हणून पावसाळ्यातली ड्यूटी ऑफिसात बसून काढू नये.

मॅनहोलमध्ये मात्र उतरू नका, कुणाला उतरवूही नका. पर्जन्य जलवाहिन्यांत सांडपाणी सर्रास सोडलेलं असतं, त्यामुळे विषारी वायू असतो. आत बघायला सीसीटीव्ही कॅमेरा वापरा.

नदीकाठच्या शहरात गेलात, पुण्यात म्हणा, तर भरतीची जागा धरणाचा विसर्ग घेतो आणि पाइपाइतकेच ओढे महत्त्वाचे ठरतात. आंबिल ओढ्याला 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पूर आला. तिथे बांधकाम परवानगीच्या फाइलवर निळी आणि लाल पूररेषा (नकाशावरच्या पुराच्या हद्दी) तपासणं हेच खरं पूरनियंत्रण.

शिकायचं काय? ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं उपकरण) स्वतः लावता यायला हवी, नकाशांसाठीचं क्यूजीआयएस आणि निचऱ्याच्या गणितासाठीचं एसडब्ल्यूएमएम ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्याआधी केंद्रीय गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाची 2019 ची पर्जन्यजल निचरा नियमपुस्तिका एकदा तरी वाचून काढा. ऑक्टोबरात पाणी तुंबलेल्या जागांची नोंदवही घेऊन सर्वेक्षण करा म्हणजे डिसेंबरात अंदाजपत्रक होतं. मार्चमध्ये निविदा काढली तर मेअखेर फक्त खड्डाच तयार असतो.